पत्रिकेच्या तळाशी छापलेला पत्ता

नाव ठरवायला आम्हाला आठ महिने लागले. ते हातातून जायला अडीच पुरले. ज्या दिवसांत ते जात होतं त्या दिवसांत मी नाशिकला एका क्लासमध्ये मुलांना एक्सेल शिकवत होते, दुपारी डबा खात होते, रविवारी केस धूत होते. मला काही कळलंच नाही, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. ते पूर्ण खरं नाही. इथे खरं तेच सांगते.

शहाद्यात एक चाचा लग्नपत्रिका छापायचे. माझ्या धाकट्या भावाच्या पत्रिका टाकायला मी वडिलांबरोबर त्यांच्या प्रेसमध्ये गेले होते. आम्ही जवळच्या ब्राह्मणपुरी गावचे, शेतीवाले. वडील मजकूर सांगत होते, मध्येच उशीर का झाला ते सांगताना कापसाच्या वावरातली काहीतरी भानगड निघाली आणि वडिलांच्या तोंडून एक शब्द गेला. चाचांचं पेन थांबलं.

"याले तुमनाकडे काय म्हणतस? आखो एकदाव सांगा."

वडिलांनी पुन्हा सांगितलं. चाचांनी टेबलाखालून एक बिघडलेली पत्रिका काढली, तिच्या कोऱ्या पाठीवर तो शब्द लिहिला, खाली अर्थ, त्याच्या खाली गावाचं नाव. मग उठून आतल्या खोलीत गेले. मी दारातून डोकावले. तिथे फळ्यांवर जुन्या पत्रिकांचे गठ्ठे रबर लावून रचले होते, जमिनीपासून माझ्या डोक्याच्याही वर. प्रत्येक गठ्ठ्यावर एक अक्षर. पुढच्या बाजूला कुठे गणपती, कुठे चाँद-तारा, कुठे चुकीची छापलेली तारीख. मागच्या बाजूला शब्द.

"कसाले हाई बठ्ठं, चाचा?" वडिलांनी सगळ्या गठ्ठ्यांकडे हात करून विचारलं.

"लोके मरी जातस ना भाऊ. मंग इचारू कोणले?"

मी तेव्हा शहाद्याजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवत होते. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो आणि कॉलेजच्या फाटकात शिरताना ती बाहेर ठेवायचो. चपला काढाव्यात तितक्या सहज. त्या खोलीत मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. आठवड्याभरात मी एकटीच परत गेले आणि चाचांना सांगितलं की अशी एक वेबसाइट करता येते, जिच्यात कोणीही शब्द टाकू शकतो आणि कोणीही दुसऱ्याचा शब्द दुरुस्त करू शकतो.

"मंग ती साइट कोनी?"

"सगळ्यांची."

त्यांनी हातातल्या गठ्ठ्याचं रबर नीट केलं आणि म्हणाले, "नाव काय तिन्हं?"

साइट मी चार रविवारांत उभी केली. अडलो ते नावाशी. वेबसाइटला पत्ता लागतो, त्याला डोमेन म्हणतात, आणि तो पत्ता आधी नोंदवावा लागतो. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम आहे.

पहिली बैठक प्रेसमध्येच झाली. सात-आठ जण होते. लोणखेड्याचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, नावात अहिराणी हवंच. दोघा शेतकऱ्यांनी नकारार्थी मान हलवली, की आमची बोली अहिराणी नाही, आमच्या घरात वेगळं बोलतात, खान्देशी ठेवा. आवाज चढले. चाचा आपल्याकडून काहीतरी सांगायला लागले, तेव्हा शिक्षक अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "चाचा, मेहनत तुमची आहे, मान्य. पण नाव आम्हाला ठरवू द्या. तुमची भाषा तशी उर्दू ना."

कोणी शिक्षकांना टोकलं नाही. मीसुद्धा नाही.

चाचा म्हणाले, "मास्तर, मन्ही माय भाकर थापे, तव्हय ती काय उर्दूमा बोले का?"

त्या दिवशी दाराशी एक नर्स उभी होती. डोंगरातल्या काठी गावाकडची, शहाद्यात एका दवाखान्यात नोकरीला. बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आली होती आणि आमचं भांडण ऐकत थांबली होती. ती पुस्तकी, नीट मराठीत म्हणाली, "तुम्ही अहिराणी नाव ठेवलं तर आमचे लोक एक शब्द लिहिणार नाहीत. खान्देशी ठेवलं तरी नाही. आम्ही डोंगरातले. तुमच्या बाजारात आल्यावर आम्ही तुमचं बोलतो. तुमच्यातलं कोणी आमचं बोलतं का?"

तिला बसायला खुर्ची चाचांनी दिली. पुढच्या प्रत्येक बैठकीला ती आली.

मग महिने गेले. व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला, त्यात रोज दोन-तीन नावं यायची आणि संध्याकाळपर्यंत मरायची. एखादं सगळ्यांना पटलंच तर ते आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेलं असायचं. चाचांचा हट्ट होता की पत्ता देवनागरीत हवा. तसा मिळतो, हे मीच त्यांना सांगून बसले होते. आम्ही एक नमुना करून पाहिला. मी तो त्यांच्या फोनवर पाठवला, तर तिथे पोचेपर्यंत त्याची इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक लांब, अर्थहीन माळ झाली होती. चाचांनी चष्मा वर करून ती वाचायचा प्रयत्न केला.

"हाई कोनं नाव शे?"

"आपलंच, चाचा. मशीनला असं दिसतं."

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आयुष्यभर अक्षरं जुळवलेला माणूस. त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा देवनागरीचा विषय काढला नाही.

शेवटी नाव सापडलं ते नर्समुळे. एकदा ती चाचांची नक्कल करत हसून म्हणाली, "तुम्ही सारखे एकच विचारता. काय म्हणतस, काय म्हणतस." आणि आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. काय म्हणतस. याला काय म्हणतात? त्यात कोणाची जात नव्हती, भाषा नव्हती, जिल्हा नव्हता. फक्त विचारणं होतं.

आता प्रश्न उरला इंग्रजी स्पेलिंगचा. चाचांनी आठवडाभर प्रेसमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदाचा तुकडा दिला आणि हे दोन शब्द इंग्रजीत लिहायला लावले. कोणी के-ए-वाय लिहिलं, कोणी के-ए-आय, कोणी 'म्ह'चा एच गाळला, एका म्हाताऱ्याने सही केली. चाचांनी तुकड्यांचे ढीग लावले. दोन ढीग बरोबरीचे झाले.

"दोन्ही ले बेटा," ते म्हणाले. "एकमा चुकना तं दुसराथून येवाले पाहिजे मानूस."

दोन्ही मोकळे होते. मी एकच घेतला. दोन कशाला, असं मी म्हणाले. खरं तर मला आता ते संपवायचं होतं. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन तासांच्या मध्ये मी फॉर्म भरला. चाचा शेजारच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ईमेलच्या रकान्यात मी कॉलेजने दिलेला माझा पत्ता टाकला, कारण समोर तोच उघडा होता. दोन वर्षांसाठी नोंदणी झाल्याचा संदेश आला. चाचांनी स्क्रीनवरचं नाव बोटाने वाचलं, एकेक अक्षर, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ती दोन वर्षं चांगली गेली, हे मला कबूल करायला हवं; नाहीतर नंतरचं काही समजायचं नाही. चाचा सकाळी प्रेस उघडायच्या आधी एक गठ्ठा घेऊन बसायचे आणि फोनवर एका बोटाने शब्द भरायचे. 'अ'पासून सुरुवात केली होती. एखादा गठ्ठा भरून झाला की मी तो तपासायचे, मग ते रबर काढून पत्रिका रद्दीत टाकायचे.

"राहू द्या ना चाचा," मी एकदा म्हणाले.

"कसाले? आते तठे शेतस ना त्या. दख, खोलीमा वारा येवाले लागना."

खरंच, बंद पडलेली मागची खिडकी उघडता येऊ लागली होती.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. छापायला येणाऱ्या प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी, निमंत्रकांच्या नावांच्या खाली, बारीक अक्षरांत आमचा पत्ता छापायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला विचारून. लोक हो म्हणायचे, कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. लग्नात जेवणाची वाट पाहत बसलेली माणसं पत्रिका उलटीपालटी करतात. त्यातली काही फोन काढायची. सुरतेला हिऱ्याच्या कामाला गेलेल्या एका माणसाने तिथून आपल्या आईचे शब्द टाकले, एकामागून एक, जणू तिच्याशी बोलतच होता. कोणी कोणाची चूक काढायचं, कोणी म्हणायचं आमच्या गावी 'ळ' नाही, 'य' म्हणतात, शाया, फय, डोया; मग खाली वीस जण भांडायचे. चाचांना ती भांडणं फार आवडायची.

आणि नर्सची पानं. तिने ठरवून फक्त दुखण्याचे शब्द घेतले. डोंगरातून येणाऱ्या बाया पोट दुखतं म्हणून सांगतात तेव्हा त्यांच्याकडे त्याला पाच-सहा वेगळे शब्द असतात. एक बाळंतपणाच्या आधीचा, एक आतून पिळल्यासारख्या दुखण्याचा, एक असा जो लाजेमुळे पुरुष डॉक्टरसमोर उच्चारतच नाहीत. नर्स ड्यूटीवर बायांना विचारून ते लिहून घ्यायची. बाहेरून आलेले दोन डॉक्टर ती पानं उघडून रुग्णासमोर बसायचे. एका बाईची वेळेवर सोय झाली ती एका शब्दामुळे, असं नर्सने मला सांगितलं होतं. सांगताना तिने माझा हात धरला होता.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेजातलं माझं काम संपलं. तासिकेवरच्या माणसाचं ते तसंच संपतं, त्यात कोणाचा दोष नाही. मी नाशिकला क्लासमध्ये लागले. कॉलेजचा ईमेल बंद झाला. माझ्या मनात एकदा येऊनही गेलं की तिथे कुठे कुठे काय जोडलंय ते बदलून घ्यायला हवं. मी ते वहीत लिहिलंसुद्धा. वही बॅगेत राहिली.

मुदत संपत आल्याचे इशारे त्या बंद पेटीत जात राहिले. मग एका सकाळी चाचांचा फोन आला.

"बेटा, आपली साइट उघडी नही ऱ्हायनी."

"सर्व्हर बंद असेल चाचा. बघते उद्या."

मी वर्गात शिरत होते. दुसऱ्या दिवशी मी विसरले. आठवड्याने पुन्हा फोन आला. मी म्हणाले, हो, कळवलंय त्यांना. मी कोणालाही कळवलं नव्हतं. मला वाटलं, आज बघेन आणि मग ते खरं होईल. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त माझी तब्येत विचारली, साइटचं नाव काढलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं, सुटल्यासारखं. मुदत संपल्यावरही काही दिवस ते नाव जुन्या मालकासाठी राखून ठेवतात. त्या दिवशी मी बसले असते तर अर्ध्या तासात सगळं परत मिळालं असतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. मी शिकवायचे ते, मुलांना.

त्यानंतर आलेला फोन नर्सचा होता. "मॅडम, तुम्ही साइट उघडून बघा. एकट्या असताना बघा."

मी उघडली. आमच्या नावावर, त्याच स्पेलिंगवर, जुगाराची साइट होती. लाल-पिवळे आकडे फिरत होते आणि कडेला उघड्या बायांची चित्रं होती. मोकळं झालेलं नाव कोणीतरी उचललं होतं. त्याला त्या दोन शब्दांचा अर्थ माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो एवढंच बघतो की ह्या पत्त्यावर माणसं येतात.

माणसं येत होतीच. लग्नसराई सुरू होती आणि पत्ता पत्रिकांवर छापलेला होता.

मी दुसऱ्या दिवशी शहाद्याला गेले. प्रेससमोर तीन-चार माणसं उभी होती. आत एक मुलीचा बाप पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटून ओरडत होता, "मन्ही अंडेरनी पत्रिका शे हाई! व्याहीना घरमा पोरेसनी उघडं हाई! काय तोंड दखाडू मी?" चाचा उभे होते. ते म्हणत होते, माफ करा भाऊ, चूक झाली. पुन्हा पुन्हा तेवढंच. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मी दारात दिसल्यावरही नाही. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला की हे मुद्दाम केलेलं आहे, आणि का केलं असेल त्याचं कारणही त्याने सांगितलं. ते कारण मी इथे लिहिणार नाही. शहाद्यात राहणाऱ्याला ते लिहायची गरज नाही.

मी पुढे होऊन म्हणाले, "चूक माझी आहे. चाचांना त्यातलं काही माहीत नाही." त्या बापाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की ते त्याला काही उपयोगाचं नव्हतं. डोमेन, ईमेल, मुदत. त्याच्या मुलीच्या पत्रिकेवर घाण होती आणि पत्रिका ह्या माणसाने छापली होती. तो निघून गेला.

टेबलावर न गेलेल्या पत्रिकांचे डबे होते, पाच-सहा घरांचे. चाचा खाली बसले, काळी शाई आणि बारीक कुंचला घेतला आणि एकेका पत्रिकेच्या तळाशी तो पत्ता काळा करून झाकायला लागले. मी दुसरा कुंचला घेतला. दुपारभर आम्ही ते करत होतो. शाई वाळेपर्यंत पत्रिका जमिनीवर मांडाव्या लागायच्या. आतली खोली रिकामीच होती, तिथे मांडल्या. उघड्या खिडकीतून वारा यायचा आणि त्या सरकायच्या.

बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "चाचा, काहीतरी बोला ना."

ते म्हणाले, "मॅडम, आपण दमला असाल. आपण बसा. मी करतो."

इतकी वर्षं ते मला बेटा म्हणत होते. आता ते माझ्याशी तसं बोलत होते जसं तहसील कचेरीत साहेबाशी बोलतात. त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते. त्यांनी फक्त स्वतःची भाषा माझ्यापुरती बंद केली होती, आणि तेव्हापासून ती उघडली नाही.

साइटचा मजकूर सर्व्हरवरच्या ज्या जागेत होता ती जागाही त्याच खात्यावर होती. पैसे न भरल्यामुळे ती पुसली गेली होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवातीच्या महिन्यांची एक प्रत सापडली, चाचांचे गठ्ठे तपासायला उतरवून घेतलेली. तिच्यात 'अ' ते 'त' आहेत, तेही चाचांनी भरलेले तेवढेच. बाकी लोकांनी भरलेलं काही नाही. सुरतेच्या माणसाची आई नाही. भांडणं नाहीत. मी त्या माणसाला शोधायचा प्रयत्न केला. त्याचं खातं साइटवरच होतं, दुसरा पत्ता माझ्याकडे नव्हता.

नर्सला मी समोर जाऊन सांगितलं. ती ड्यूटी संपवून बाहेर आली होती, हातात डबा होता. "पुन्हा लिहून काढू आपण," मी म्हणाले.

"कोणाला विचारून?" ती म्हणाली. "त्या बाया मला परत भेटणार आहेत का? मी कागद ठेवले नाहीत. चाचांनी फेकले, म्हणून मीपण फेकले." डबा दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली, "तुमच्यासाठी ते नुसते शब्द होते, मॅडम."

ग्रुपवर लोणखेड्याच्या शिक्षकांनी लिहिलं की आता नव्याने सुरुवात करू आणि ह्या वेळी नाव नीट ठेवू. त्याखाली लगेच दोघांनी नावं सुचवली, तिसऱ्याने त्यांना विरोध केला. मी ग्रुप सोडला. चाचा त्यातून माझ्या आधीच बाहेर पडले होते.

पत्रिकांचं काम त्यांच्याकडून हळूहळू गेलं. काही त्या प्रकरणाने, काही तसंही जाणारच होतं. आता लोक फोनवरच पत्रिका पाठवतात. त्यांचा थोरला मुलगा तिथेच फ्लेक्स काढून देतो, वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे. चाचा दुकानात येतात, बाहेरच्या बाकावर बसतात. मी शहाद्याला गेले की जाते. ते चहा मागवतात, वडिलांची चौकशी करतात, सगळं शुद्ध मराठीत. शेवटच्या खेपेला माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाने बोलता बोलता एक शब्द वापरला, मी कधीही न ऐकलेला. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनीही तो ऐकला होता, एवढं मला दिसलं. त्यांनी काही विचारलं नाही.

'अ' ते 'त'ची फाइल मी अधूनमधून उघडते. 'थ'पासून पुढे मी स्वतः भरायला बसले होते. पहिल्या दिवशी चौदा शब्द झाले. दुसऱ्या दिवशी तीन. मग मला समजलं की माझ्याकडे तेवढेच आहेत. वडिलांना फोन केला, तर ते म्हणाले, अगं असं विचारल्यावर आठवतं का, वापरताना येतात ते.

गेल्या महिन्यात नर्सचा फोन आला होता. दवाखान्यात एक नवीन डॉक्टर आलाय, विदर्भाकडचा, चांगला मुलगा आहे म्हणाली. डोंगरातून एक बाई आली, पोट धरून बसली होती, काय होतंय ते सांगत होती आणि त्याला समजत नव्हतं. त्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं की इथल्या दुखण्याच्या शब्दांची एक साइट आहे. त्याने नर्सला त्या साइटचा पत्ता विचारला.

"मग?"

"नाही सांगितला. म्हटलं, बंद पडली."

"आणि ती बाई?"

"मी होते ना, मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण माझी बदली झालीय, मॅडम. पुढच्या महिन्यात मी इथे नाही."